वळणावर राहिलेला ग्लेन

ग्लेन पडला ही बातमी मला कुणी आणून दिली नाही. तो स्वतःच ती घेऊन आला. मी डुकरांना खाणं घालत होते, तेवढ्यात त्याची मोटरसायकल फाटकातून आत आली. आरसा मोडलेला, हँडल एका अंगाला वाकलेलं आणि ह्याचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघालेला. अंगात तोच शर्ट, बहिणीनं फ्रिमँटलहून पाठवलेला, पाठीवर भलामोठा पांढरा काकाकुवा असलेला. असला शर्ट अख्ख्या करांगासेम जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि नव्हता तेच बरं होतं.

"कुत्रं आडवं आलं, इबू," तो म्हणाला. इबू म्हणजे आई; मोठ्या बाईला आमच्याकडे तसंच म्हणतात. "खाली पुलाजवळ. वाळूवरून घसरलो."

"कुत्र्याला लागलं?"

"नाही."

"म्हणजे तुमच्यापेक्षा कुत्र्याला रस्ता बरा कळतो."

एरवी तो यावर खदाखदा हसला असता. त्या दिवशी हसला नाही. दुखत असेल, असं मला वाटलं. मी हळद आणि खोबरेल घेऊन आले.

ग्लेन अकरा वर्षं माझ्या मागच्या खोलीत राहतोय. ऑस्ट्रेलियात जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा. बायको सोडून गेली, नोकरी संपली आणि हा एक पिशवी घेऊन बालीत आला. असे गोरे आमच्याकडे पुष्कळ येतात. महिना-दोन महिने समुद्रकाठी बिअर पितात आणि जातात. हा राहिला. माझा पंप बिघडला की हा नीट करतो. माझा मुलगा क्रूझच्या बोटीवर स्वयंपाकी आहे, वर्षातून एकदा येतो. माझा नवरा गेला तेव्हा त्याला दहनाला नेणाऱ्या मनोऱ्याला गावातल्या बाप्यांच्या बरोबरीनं ह्या माणसानं खांदा दिला होता आणि घरी येऊन माझ्याहून जास्त रडला होता. त्यामुळे तो माझा भाडेकरू आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

त्याचे कान इंजिनखोलीत गेलेले. जेवायला हाक मारून उपयोग नसतो. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि आम्ही सगळेच बोलावतो तसा हात करते, पंजा पालथा, बोटं खाली-वर. पहिल्या वर्षी त्याला वाटायचं मी हाकलते आहे. तोंड पाडून खोलीत जाऊन बसायचा. ही गंमत गावात सगळ्यांना कळली आणि पोरंटोरं त्याला रस्त्यात तसा हात करून पळायची. मग शिकला. आता अंगणाच्या पार टोकाला गाडी खोलून बसलेला असला तरी माझा हात दिसला की पाना टाकून उठतो.

रविवारी त्याचे मोटरसायकलवाले मित्र जेवायला यायचे. दोन जर्मन, एक न्यूझीलंडचा, सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांची पोटं पेट्रोलच्या टाकीवर टेकलेली. कुणी नवखा त्यांच्यात आला की ग्लेन त्याला शहाणपण शिकवायचा. "हे बघ, इथे कुणाला धडकलास तर थांबायचं नाही. गाव जमतं. गाडी जाळतात. चूक कुणाची का असेना, गोऱ्याला धरतात आणि वर देशातून हाकलून देतात. सरळ निघायचं."

एकदा मी भात वाढता वाढता विचारलं, "कुणाची हो जाळली गाडी आजवर?"

ते एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी कळलं की कुणाच्या तरी मित्राच्या मित्राची, आणि तीही दुसऱ्याच बेटावर. मी खूप हसले. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

तर, हाताची जखम भरली. खपली पडली, खाली गुलाबी कातडी आली. माणूस मात्र भरून आला नाही. जेवण पानात तसंच. गाडीवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. मागे कुणी स्कूटरचा हॉर्न वाजवला तर हा भिंतीला जाऊन चिकटायचा. डोळे खोल गेले, पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. मला काय झालंय ते कळायला वैद्याची गरज नव्हती. माणूस दचकून पडतो तेव्हा त्याचा जीव सगळाच्या सगळा उठून घरी येत नाही. थोडा तिथेच बसून राहतो. तो जाऊन आणावा लागतो.

माझे धाकटे दीर देवळात मांकू आहेत, म्हणजे गावचे पुजारी. मी त्यांना सांगितलं आणि आम्ही तिघं नैवेद्याच्या परड्या घेऊन पुलाजवळ गेलो. मांकू भाऊजींनी घंटा वाजवली, तीर्थ शिंपडलं, ग्लेनच्या जिवाला नाव घेऊन बोलावलं. परत येताना आमच्या घरची एक रीत आहे. एका गाडीची मागची सीट रिकामी ठेवायची आणि चालवणाऱ्यानं बोलत यायचं. आता डावीकडे वळतेय, आता खड्डा आहे, घट्ट धर. मी सगळा रस्ता तशी बोलत आले. ग्लेन भाऊजींच्या मागे बसला होता, आणि मी रिकाम्या सीटशी बोलतेय हे ऐकून त्याचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, चला, लागू पडलं.

कसलं काय. तो आणखीच खंगला. फ्रिमँटलहून बहिणीचा फोन आला, त्याला घेऊन जाते म्हणाली, तिथे चांगले डॉक्टर आहेत. अर्धा माणूस विमानात बसवून पाठवायचा आणि अर्धा इथे रस्त्यावर ठेवायचा? मग तो कुठलाच राहत नाही. मी भाऊजींना बोलावलं आणि त्यांच्यावरच तोंड टाकलं.

"वहिनी, माझ्यावर कशाला ओरडता?" ते म्हणाले. "पुलाजवळ कुणी नव्हतंच. रिकाम्या घराचं दार वाजवल्यासारखं वाटलं मला. ग्लेन, खरं सांगा, पडलात कुठे?"

ग्लेन जमिनीकडे बघत म्हणाला, "वर. सालक फळांच्या बागांमध्ये. वडाच्या वळणावर."

"आणि पूल?"

"तुम्ही त्या दिवशी वर जाऊ नका म्हणाला होतात, इबू. दिवस वाईट आहे म्हणाला होतात. मी गेलो."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं होतं खरं. पण एवढ्याशा गोष्टीसाठी, मी चिडेन म्हणून, ह्या बाप्यानं स्वतःचा जीव टांगून ठेवला? मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. माझी भीती वाटते त्याला, म्हणजे घरचाच की.

"उद्या जाऊ," मी म्हटलं.

"मी नाही येणार." तो मागे सरकला. "मला नका नेऊ तिथे."

भाऊजी म्हणाले की माणूस येत नसेल तर पडताना अंगात होता तो कपडा चालतो. काकाकुव्याचा शर्ट त्यानं कपाटाच्या मागे कोंबलेला सापडला, रक्ताचे डाग तसेच. आजारी माणूस काहीही कुठेही कोंबतो, म्हणून मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाऊजी वर गेलो. दोन्ही बाजूंना सालकची काटेरी झुडपं, मध्ये अरुंद रस्ता. वडाच्या वळणावर आधीच कुणीतरी होतं. चाळिशीचा एक माणूस आणि त्याची आई, रस्त्याकडेला चटईवर बसलेले, पुढ्यात परड्या, त्यांचा मांकू तीर्थाचं भांडं आवरत होता. त्यांचंही बोलावणं चाललं होतं. अशी गाठ पडली की माणसं लाजत नाहीत, सरकून जागा देतात. म्हातारीनं चटईचं टोक उलगडून आमच्याकडे ढकललं.

"आमचं होतच आलंय. बसा. तुमचं कोण पडलं?"

"आमच्याकडे राहतो एक गोरा."

"गोरा?" म्हातारी भाऊजींकडे वळली. "अहो, गोऱ्यांना जीव असतो का मागे राहायला?"

"जीव असतो, आजी," भाऊजी म्हणाले. "डोक्यावर हेल्मेट नसतं."

म्हातारी खोकेपर्यंत हसली. तिचा मुलगा, अर्दाना नाव त्याचं, तोही जरासा हसला. त्याच्या पुढ्यातल्या परडीत बाईचं झंपर होतं, एका बाहीवर रक्त वाळून काळं झालेलं.

"माझी बायको," तो म्हणाला. "रस्मिनी. हे दुसऱ्यांदा बोलावतोय. पहिल्यांदा आली नाही."

"आमचाही दुसऱ्यांदाच," मी म्हटलं आणि माझ्या परडीवरचं केळीचं पान बाजूला करून शर्ट काढला. झटकला. त्यांच्या झंपराशेजारी नीट पसरला, पाठ वर करून, चुरगळलेला काकाकुवा हातानं सरळ केला.

वर बघितलं तर म्हातारीचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

अर्दाना शर्टाकडे बघत होता. हलत नव्हता. मला वाटलं काही अशुभ झालं, चुकून त्यांच्या परडीला माझा पाय लागला की काय. मी "काय झालं" असं विचारलंसुद्धा. अजूनही ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"वरच्या बागेत एक म्हातारी राहते," अर्दाना म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "गुडघे गेलेत तिचे. तिनं वरून बघितलं. माझी बायको टोपली घेऊन कडेनं चालली होती, गाडीवाल्यानं उडवली. तोही पडला. उठला आणि गेला. तोंड नाही दिसलं तिला, पाठ दिसली. पाठीवर पांढरा पक्षी होता म्हणाली. आम्ही म्हटलं म्हातारीला भ्रम झाला, शर्टावर एवढा पक्षी कोण घालतो?"

मी शर्टावरचा हात काढून घेतला.

"ती म्हातारी बसत-उठत खाली गावात आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. तोवर रस्मिनी इथे होती. ह्या गटारात. काट्यांत." त्यानं हातानं दाखवलं. मी न बघण्याचा प्रयत्न केला पण बघितलंच. "डॉक्टर म्हणाले, लगेच आणली असती तर पाय राहिला असता. जबडा तारेनं बांधलाय. बोलत नाही. आमच्याकडे बघते, पण आम्ही दिसत नाही तिला."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. एवढंच सुचलं. "तो म्हणाला कुत्रं."

"धक्का कुणाच्या हातूनही लागतो, इबू. मीही पाडलंय एकाला. उचलून, मागे बसवून नेलं." मग तो शर्टाकडे बोट करून म्हणाला, "त्याला एक विचारून या. त्यानं मागे बघितलं का?"

भाऊजी हातात घंटा घेऊन तसेच उभे होते. "वहिनी, काय करू? बोलावू का?"

मी ग्लेनला परत आणायला आले होते. त्याचा जीव तिथेच कुठेतरी त्या वडाखाली बसलेला होता, मला तो जवळजवळ दिसत होता, हात सोललेला, मान खाली. एक घंटा वाजवली असती तर आला असता. पण त्या झंपरासमोर मी कुठल्या तोंडानं म्हणू, आमच्या माणसाला घरी पाठवा?

"राहू दे," मी म्हटलं. शर्टाची घडी केली आणि म्हातारीच्या पुढ्यात ठेवली. "हा तुमच्याकडे असू दे. पोलिसांना दाखवायला लागेल."

म्हातारीनं त्याला हात लावला नाही.

घरी आले तर ग्लेन पायरीवर वाट बघत बसला होता. माझ्या रिकाम्या परडीकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. मला ओरडायचं होतं, हाताला येईल ते फेकून मारायचं होतं.

"तिचा पाय कापला," मी म्हटलं. "रस्मिनी नाव आहे तिचं. तिचा नवरा विचारतोय, तू मागे बघितलंस का?"

अकरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं. तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "बघितलं."

"आणि?"

"थांबलो होतो, इबू. गाडी उचलली, चालू केली, थांबलो. ती तिथे खाली होती. मला वाटलं आता लोक येतील. गाडी जाळतील. मला हाकलून देतील, मग मी कुठे जाऊ? हे घर सोडून मी कुठे जाऊ? आणि तेवढ्यात तिनं हात वर केला."

"कसा?"

त्यानं करून दाखवला. पंजा पालथा, बोटं खाली-वर.

"मला वाटलं, ती म्हणतेय जा. मला काही झालं नाही, तू जा."

मी परडी खाली ठेवली. अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले, वळले, आणि रोज करते तसा हात केला.

ग्लेन उठला.

उठून दोन पावलं चाललासुद्धा. मग अंगणाच्या मध्ये थांबला. आपण का उठलो हे त्याला कळलं तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी माझा नवरा गेला तेव्हाही काढला नव्हता. तो तिथेच मातीत बसला. मी जवळ गेले नाही. मला जाववलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, देवळात जायचं सारोंग नेसून दारात उभा होता. मी स्कूटर काढली. तो मागे बसला. वडाच्या वळणावर त्याचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं मला जाणवलं.

अर्दानाच्या अंगणात रस्मिनी ओट्यावर आडवी होती, उशीला टेकून. जबड्याला तारा, चादर एका बाजूला सपाट. म्हातारी आतून एक परडी घेऊन आली. त्यात काकाकुव्याचा शर्ट, धुतलेला, घडी केलेला, वर तांदूळ आणि फुलं. ती परडी तिनं माझ्या हातात दिली. ग्लेनकडे बघितलंही नाही.

"आमच्या मांकूनं ह्यालाही बोलावून घेतलाय वळणावरून. उपकार म्हणून नाही. माझी सून उद्या कुबड्यांवर त्या रस्त्यानं जाईल-येईल. तिथे हा बसलेला मला नकोय. घेऊन जा."

ग्लेननं अर्दानापुढे हात जोडले. आमच्याच भाषेत म्हणाला, "मी मागे बघितलं. तिनं मला बोलावलं होतं. मला कळलं होतं की ती बोलावतेय. मी गेलो निघून."

अर्दानानं फोन काढला आणि पोलिस ठाण्यात लावला. ग्लेन बघत राहिला, अडवलं नाही.

तेवढ्यात रस्मिनीनं डोळे वळवले. इतके दिवस कुणाकडे न बघणारी ती बाई ग्लेनकडे बघत होती. तिचा हात चादरीवरून उचलला गेला. पंजा पालथा. बोटं खाली-वर.

ग्लेन तिच्याकडे गेला. ओट्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि मान खाली घातली. मला वाटलं ती आता त्याच्या डोक्यावर हात ठेवेल. नाटकात तसंच होतं. तिनं त्याचं मनगट धरलं. नव्या गुलाबी कातडीवर नखं रुतवून धरलं. त्या वाळून गेलेल्या बाईच्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. सासूनं सोड म्हटलं, नवऱ्यानं सोड म्हटलं. पोलिसांची गाडी येऊन, माणूस उतरून, अंगणात येईपर्यंत तिनं सोडलं नाही. ग्लेननंही सोडवून घेतलं नाही. आता हाकलून देणार हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

त्याला नेलं. मी परडी स्कूटरच्या पुढे अडकवली आणि एकटी निघाले. मागची सीट रिकामी. मी इतकी संतापलेली होते की त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं. सालकच्या बागा लागल्या, उतार लागला, वड दिसायला लागला.

"वळण आलंय," मी म्हटलं. "घट्ट धर."